एकतीस नंबरचा बिल्ला

"आज मी एकटा जाणार," बाबा म्हणाले, आणि तंबूसमोर ब्रेड-अंडी खात बसलेल्या चौघांचे हात थांबले.

"एकटा कुठे?" आत्याने विचारलं.

"पिवळ्या वाटेने. डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलंय. टोळी घेऊन चालायला नाही सांगितलेलं."

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती शाळेत खेळाची शिक्षिका होती आणि सुट्टीतही शिट्टी गळ्यातच ठेवायची. तिने शिट्टीला हात लावला, पण वाजवली नाही. राज्य वनउद्यानातला हा त्यांचा तिसरा दिवस होता. तीन दिवस बाबा तिच्या, मुलांच्या आणि औषधांच्या डबीच्या पहाऱ्यात होते, आणि आता ते कंटाळले होते हे तिलाही दिसत होतं.

"एकच्या आत परत यायचं, दादा. एकची गोळी चुकली तर वहिनी मला उभी चिरेल."

आईला यायला जमलं नव्हतं. बाबांच्या हृदयाच्या ऑपरेशनच्या वेळी तिची वर्षाची सगळी रजा संपली होती.

"मामा, मी येऊ का सोबत? मी अजिबात बोलणार नाही," आत्याचा मुलगा म्हणाला. त्यावर सगळे हसले. तेरा वर्षांच्या या मुलाला घरी रेडिओ म्हणत, आणि हा रेडिओ झोपेतही बंद होत नसे. बाबांचा नऊ वर्षांचा मुलगा बटणसुद्धा हसला. त्याच्या शर्टाचं कुठलं ना कुठलं बटण कायम तुटलेलं असायचं, म्हणून हे नाव.

बटणची मोठी बहीण तेवढी हसली नाही. ती बारा वर्षांची होती. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर होतं, पण गेले सहा महिने रेडिओ तिला मख्खू म्हणायचा. ऑपरेशनच्या दिवशी ती दवाखान्यात बसून होती. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, सगळं व्यवस्थित झालं. आई रडली, आत्या रडली, सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मख्खूला काहीच वाटलं नाही. फार वेळ मांडी घालून बसल्यावर पाय आपला वाटेनासा होतो, तसं तिला आतून सगळंच झालं होतं. दुसऱ्या दिवशी वाटेल असं तिला वाटलं, पण वाटलं नाही. वाढदिवसाला नाही, परीक्षेत पहिली आली तेव्हाही नाही. आता तिने वाट बघणंही सोडून दिलं होतं. कुणी काही विचारलं की ती नीट उत्तर द्यायची, ताट घासून ठेवायची आणि झोपायची. मोठ्यांना ती फार शहाणी झाल्यासारखी वाटे.

वाटेवर जाण्याआधी नोंदणीच्या खिडकीतून बिल्ला घ्यावा लागे. खिडकीमागे मोठा लाकडी बोर्ड होता. त्याला चाळीस खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीवर आकडा कोरलेला एक लाकडी बिल्ला. जाताना बिल्ला खिशात टाकायचा, आल्यावर परत करायचा. सकाळची पाळी एकला संपे, दुपारची पाचला. पाळी संपल्यावर एक जरी खुंटी रिकामी दिसली तरी सायरन वाजवून शोध सुरू करायचा, असा नियम होता. बोर्डाच्या वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलंच होतं: खुंटी रिकामी, तर माणूस जंगलात. जंगलात मोबाईलला रेंज नव्हती, त्यामुळे सगळी भिस्त या बोर्डावर होती.

बाबांना एकतीस नंबर मिळाला. बटणने तो त्यांच्या खिशात घातला आणि वरून खिशाचं बटण लावून टाकलं. साडेदहा वाजता बाबा शीळ घालत पिवळ्या वाटेला लागले.

एक वाजला. सव्वा वाजला. आत्याने औषधांची डबी चार वेळा उघडून बंद केली आणि ती नोंदणीच्या खिडकीकडे निघाली. मुलं मागोमाग.

खिडकीत कारकूनकाका डबा खात होते. जाड चष्मा, इस्त्रीचा शर्ट आणि कानावर पेन्सिल असा त्यांचा कायमचा थाट होता.

"माझा भाऊ अजून आला नाही. एकतीस नंबर," आत्या म्हणाली.

काकांनी मान वळवून बोर्डाकडे पाहिलं. चाळीसच्या चाळीस खुंट्या भरलेल्या होत्या. "आलेत की. हा काय एकतीस. सकाळची पाळी सगळी परत. वहीतही नोंद आहे, बघा."

आत्याचा जीव भांड्यात पडला आणि लगेच तिला राग आला. "म्हणजे आला आणि तंबूकडे न येता तळ्याकाठच्या टपरीवर चहा पीत बसला असणार. साखर घालून! थांब, बघतेच त्याला." ती तळ्याकडे निघाली. "तुम्ही तंबूपाशी थांबा रे. मख्खू, ही डबी धर. इकडे आला तर आधी गोळी दे."

मख्खूने डबी जॅकेटच्या खिशात घातली. खिशात आधीच काहीतरी होतं. तिने ते बाहेर काढलं.

सतरा नंबरचा बिल्ला.

"हा कालचा," ती म्हणाली. काल दुपारी तिघं निळ्या वाटेवर गेले होते. सोळा, सतरा आणि अठरा. ती द्यायला विसरली होती. हल्ली ती असल्या गोष्टी विसरायची.

"मग काल सायरन का नाही वाजला?" रेडिओ म्हणाला. "तुझी खुंटी रिकामी असणार ना. म्हणजे तू जंगलात. म्हणजे लोकांनी तुला शोधायला हवं होतं. आणि तू तर रात्री माझ्या शेजारी बसून सूप..."

मख्खू त्याचं ऐकत नव्हती. ती बोर्डाकडे बघत होती. सोळाच्या आणि अठराच्या मधोमध, आपल्या खुंटीवर, सतरा नंबरचा बिल्ला लटकत होता.

तिने हातातल्या बिल्ल्याकडे पाहिलं. मग पुन्हा बोर्डाकडे.

"काका," ती खिडकीपाशी जाऊन म्हणाली, "सतरा माझ्याकडे आहे. तो तिथे कसा?"

काकांचा घास क्षणभर हातातच राहिला. "जुना असेल तो. ठेवून जा इथे."

"जुना नाही. काल तुम्हीच दिलात. सतरा खोटा असेल तर एकतीसही खोटा असेल. माझे बाबा परत आलेले नाहीत."

"हे बघ बाळ," काका घाईघाईने डब्याचं झाकण लावत म्हणाले, "बाबा खरंच हरवले असते तर तू अशी मख्ख उभी राहिली असतीस का? रडली असतीस. जा, खेळा जरा."

ते खरंच होतं. तिला रडू येत नव्हतं. भीतीसुद्धा वाटत नव्हती. फक्त डोक्यात आकडे दिसत होते. साडेदहाला गेले. एक तासाची वाट. आता दीड. गोळी चुकून अर्धा तास झाला.

तिघं व्हरांड्याच्या पायरीवर बसले.

"आईला सांगू या," रेडिओ म्हणाला.

"आत्या पुन्हा याच खिडकीवर येईल. खिडकी पुन्हा तेच सांगेल. आपल्याला दाखवता यायला हवं." मख्खूने बिल्ला उलटसुलट केला. "सतराचे दोन बिल्ले आहेत. मग बाकीच्यांचेही दोन असणार. दुसरे कुठेतरी ठेवलेले असणार."

"बिस्किटांच्या डब्यात," बटण म्हणाला.

दोघांनी त्याच्याकडे पाहिलं.

"खिडकीच्या आत, खालच्या फळीवर मोठा डबा आहे. मला वाटलं बिस्किटं असतील. मी हलवून पाहिला. नुसती लाकडं वाजली."

"तू आत कधी गेलास?"

"काल. माझं बटण घरंगळत आत गेलं होतं," बटण शांतपणे म्हणाला.

पुढचं दोन मिनिटांत ठरलं. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उद्यानाचा भिंतभर नकाशा लावलेला होता. रेडिओ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "काका, हा नकाशा चुकलाय वाटतं. तळं उत्तरेला आहे ना? इथे तर दक्षिणेला दाखवलंय."

"चुकलाय?" काका खिडकीतून ओरडले. तो नकाशा त्यांनी स्वतः रंगवला होता. ते बाहेर आले. "उत्तर कुठली हे तरी ठाऊक आहे का तुला?"

"नाही ना, तेच तर. सूर्य इकडून उगवतो, मग मी तोंड तिकडे केलं, की डावा हात..."

रेडिओ आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगाचं बोलत होता. काकांनी त्याला दिशा समजावल्या, त्याने त्या पुन्हा उलट्या केल्या, काकांनी पुन्हा समजावल्या. तेवढ्यात बटण दाराच्या फळीखालून आत सरकला आणि पोटाशी डबा धरून बाहेर आला. मख्खूने डबा घेतला आणि ती ऑफिसच्या मागे गेली.

मागच्या अंगणात वनाधिकारीबाई जीपचं चाक बदलत होत्या. सगळं उद्यान त्यांच्या हाताखाली होतं, आणि त्यांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

मख्खूने त्यांच्यासमोर जमिनीवर डबा उपडा केला. लाकडी बिल्ले खडखडत पसरले.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"तुमच्या बोर्डावरचे दुसरे बिल्ले." मख्खूचा आवाज नेहमीसारखाच सपाट होता. ती आणि बटण गुडघ्यांवर बसून बिल्ले ओळीने मांडत होते. एक, दोन, तीन, चार. मग सहा. "ज्याची खुंटी रिकामी राहते, तिथे यातला एक टांगतात. म्हणून बोर्ड कायम भरलेला दिसतो. यात जे नाहीत ते बोर्डावर आहेत. आणि त्यांचे खरे बिल्ले परत आलेलेच नाहीत."

ओळ पूर्ण झाली. छत्तीस बिल्ले होते. पाच, सतरा, बावीस आणि एकतीस नव्हते.

"सतरा हा माझ्याकडे आहे. एकतीस माझ्या बाबांकडे. ते साडेदहाला पिवळ्या वाटेने गेले. आत्या त्यांना शोधायला तळ्यावर गेलीय. त्यांचं सहा महिन्यांपूर्वी हृदयाचं ऑपरेशन झालंय आणि त्यांची एकची गोळी माझ्या खिशात आहे."

बाईंनी हातातला पाना खाली ठेवला. त्या उठल्या आणि कारकूनकाकांना हाक मारली.

काका कोपऱ्यावरून वळले, जमिनीवरची ओळ पाहिली आणि तिथेच थांबले.

"बाई, मागच्या मोसमात अकरा वेळा सायरन वाजवला," ते हळूहळू म्हणाले. "अकरा वेळा आपली माणसं संध्याकाळपर्यंत रान तुडवत राहिली. अकराही वेळा बिल्ला कुणाच्या तरी गाडीत नाही तर खिशात निघाला. लोक आठवण म्हणून घेऊन जातात. वनरक्षक माझ्याशी बोलेनासे झाले. मग मी सुताराकडून दुसरा संच करून घेतला. म्हटलं, उगाच कुणाची धावपळ नको. पाच आणि बावीस महिन्याभरापूर्वीच गेलेत, त्या लोकांची पत्रंही आली होती. सतरा काल. आणि एकतीस..."

"एकतीस हा माणूस आहे," वनाधिकारीबाई म्हणाल्या. "खिडकी बंद करा. सायरन वाजवा. मग तळ्यावर जाऊन यांच्या आत्यांना घेऊन या." काका धावत सुटले. बाई चाकाचे नट आवळत स्वतःशीच हिशोब करू लागल्या. "पिवळी वाट. पुढे तिला तीन फाटे. माणसं आहेत चार. दोन-तीन तास तर सहज जातील."

"त्या वाटेवर काही बिघडलेलं आहे का?" मख्खूने विचारलं.

"म्हणजे?"

"माझे बाबा पाण्याचे पंप दुरुस्त करतात. त्यांना बिघडलेलं काही दिसलं की पुढे जाताच येत नाही. एकदा ते दूध आणायला गेले आणि दुकानाचा नळ दुरुस्त करून आले. दुधाशिवाय."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "दुसऱ्या फाट्यावर जुनं पंपघर आहे. पाच वर्षं बंद."

"मग ते तिथेच आहेत."

जीप मागच्या कच्च्या रस्त्याने निघाली. एक वनरक्षक पुढे, तिन्ही मुलं मागे. सायरनचा आवाज झाडांवरून मागे मागे जात राहिला. बटणने मख्खूचा हात घट्ट पकडला होता. त्याचा हात घामाने चिकट झाला होता. तिला तो ओलावा कळत होता, पण तो दुसऱ्या कुणाच्या तरी हाताला लागावा तसा. रेडिओ गप्प होता. तो इतका वेळ गप्प राहू शकतो हे त्यालाही माहीत नव्हतं.

पंपघर म्हणजे पत्र्याच्या छपराची एक दगडी खोली. बाईंनी इंजिन बंद केलं. आतून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. तीन ठोके. थोडं थांबून पुन्हा तीन ठोके.

बाबा आत जमिनीवर बसलेले होते. कुजलेल्या फळीतून त्यांचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला होता आणि दोन तुटक्या फळ्यांच्या मध्ये अडकला होता. चेहरा राखाडी दिसत होता, शर्ट घामाने भिजला होता. हातात गंजलेल्या पाइपचा तुकडा होता, आणि तो ते शेजारच्या नळीवर आपटत होते.

"आलात?" ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता.

मख्खू पुढे झाली. डबी उघडली. गोळी काढली. पाण्याची बाटली उघडून त्यांच्या तोंडाशी धरली. "छातीत दुखतंय?"

"नाही."

"डाव्या हातात?"

"नाही ग. पाय तेवढा ठणकतोय."

"मान मागे करू नकोस. सावकाश पी."

बटण बाबांच्या गळ्यात पडून भोकाड पसरून रडत होता. रेडिओ भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता. वनरक्षकाने पहारीने फळ्या उचकटल्या आणि पाय मोकळा केला. मख्खूने घड्याळ बघितलं. दोन वाजून पस्तीस मिनिटं. तिने ते लक्षात ठेवलं, कारण डॉक्टर विचारतील.

प्रथमोपचाराच्या खोलीत नर्सबाईंनी बाबांचा रक्तदाब, नाडी सगळं तपासलं. हृदय ठीक होतं. घोटा मुरगळला होता आणि पोटरीवर लांब खरचटलेलं होतं. आत्या पोहोचली ती धापा टाकतच. तिने आधी भावाला कुशीत घेतलं, मग तिन्ही मुलांना, मग चुकून नर्सबाईंनाही. दाराशी कारकूनकाका हात बांधून उभे होते. त्यांनी वाट पाहिली, आणि जरा जागा झाल्यावर ते मख्खूसमोर आले.

"तू रडली नाहीस म्हणून मी तुझं खरं मानलं नाही," ते म्हणाले. "चूक झाली माझी. मोठी चूक."

"हो," मख्खू म्हणाली.

"त्या डब्यातले बिल्ले मी चुलीत घातलेत," वनाधिकारीबाई म्हणाल्या. "यापुढे खुंटी रिकामी दिसली की सायरन वाजेल. शंभर वेळा वाजला तरी वाजेल." मग त्या तिघांसमोर उभ्या राहिल्या. "मी वीस वर्षं हे काम करतेय. या बोर्डासमोरून मी रोज जाते आणि मला दिसलं नाही. तुम्हाला दिसलं. हा छोटा आत घुसला, या साहेबांनी नकाशावर आमच्या माणसाला पंधरा मिनिटं बोलतं ठेवलं आणि ही... मोठी माणसंसुद्धा अशा वेळी गोंधळतात. फार धीराची आहे तुमची मुलगी."

"फारच," आत्या म्हणाली. "ऑपरेशनच्या वेळीही एक टिपूस काढलं नाही हिने."

बाबा मख्खूकडे बघत होते. त्यांच्या गालांवर आता थोडा रंग आला होता. "बाई, तो पंप तसा चांगला आहे हो," ते म्हणाले. "नुसता वॉशर गेलाय. उद्या पाय जरा बरा असला तर पाच मिनिटांत बदलून देतो."

"उद्या?" मख्खू म्हणाली.

"पाच मिनिटांचं तर काम..."

"उद्या?" तिचा आवाज इतका चढला की नर्सबाईंच्या हातातली पट्टी सुटली. "तू उद्या परत जाणार? तुला काही कळतं का? तुला एकच्या आत यायला सांगितलं होतं! तुला सांगितलेल्या वाटेनेच जाता येत नाही? तुझ्यासाठी मी इथे डबी घेऊन फिरत होते. मला वाटलं आता आपण जाऊ आणि तू तिथे नुसता पडलेला असशील."

"अग..."

"गप्प बस तू. त्या दिवशी पण तू हसत हसत आत गेलास. म्हणालास, आलोच. सहा तास लागले. आई कागदांवर सह्या करायला गेली होती. मी एकटी होते. मी ठरवूनच टाकलं होतं की तू मेलास. मी ठरवलं होतं आता बटणला कसं सांगायचं. शब्दसुद्धा ठरवले होते. आणि मग तू जिवंत निघालास आणि सगळे नाचायला लागले आणि मला काही म्हणजे काही वाटेना. मला वाटलं मीच वाईट आहे." तिचं नाक वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. "मला राग आलाय तुझा. इतका राग आलाय की मला तुला मारावंसं वाटतंय."

आत्या पुढे व्हायला निघाली, तर बाबांनी हाताने तिला थांबवलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते, दोन्ही एकदम.

"सहा महिने मी वाट बघतोय," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, आपली मुलगी त्या दवाखान्यातच राहून गेली. आणि तिला आणायला परत कुठल्या दाराने जायचं हे मला कळत नव्हतं."

"हसू नकोस," ती रडत रडत ओरडली.

"नाही हसत. ये इकडे. आणि अजून ओरड."

ती खाटेवर त्यांच्या शेजारी बसली, त्यांच्या दंडाला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि तिने त्यांना सगळं पुन्हा पहिल्यापासून ओरडून सांगितलं. बाबांनी तिला मध्ये एकदाही थांबवलं नाही.